कर्दळीच्या वाफ्यातून निवळ पाणी येते, मग अमोनिया का जात नाही?

प्रश्न : गोठा धुतलेले पाणी गाळटाकीतून खडी भरलेल्या, कर्दळ लावलेल्या वाफ्यात सोडतो. बाहेर येणारे पाणी निवळ असते, तरी तपासणीत अमोनिया जवळपास तेवढाच निघाला. कर्दळ आणखी दाट लावावी का?

उत्तर : कर्दळ दाट लावून उपयोग होणार नाही. झाडे नत्र घेतात. मात्र त्यांचा वाटा लहान असतो आणि वाळलेली पाने वाफ्यातच कुजू दिली तर घेतलेले नत्र पुन्हा पाण्यात उतरते. खरे काम खडीला चिकटून वाढणारे जिवाणू करतात. अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना भरपूर प्राणवायू लागतो (अमोनियातील १ ग्रॅम नत्रामागे सुमारे ४.६ ग्रॅम), तर नायट्रेटचा नत्रवायू करून तो हवेत सोडणारे जिवाणू प्राणवायू नसेल तेव्हाच ते काम करतात.

आपला वाफा आडव्या प्रवाहाचा असून कायम पाण्याने भरलेला असतो. कर्दळीचा एखादा गड्डा उपटून त्याखालची वीतभर खडी उकरून पाहावी. ती काळी पडली असेल व कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तेथे हवा पोहोचत नाही असे समजावे. म्हणजे दुसऱ्या टप्प्याची (नायट्रेटचा नत्रवायू होण्याची) सोय आहे, पहिल्याची (अमोनियाचे नायट्रेट होण्याची) नाही.

म्हणून हा वाफा न मोडता त्याच्या आधी उभ्या प्रवाहाचा वाफा करावा. तळाला जाड खडी, त्यावर बारीक खडी आणि वर धुतलेली भरड वाळू घालावी. पाण्याची धार दिवसभर चालू न ठेवता, छिद्रे पाडलेल्या पाइपांतून ते थोड्या थोड्या वेळाने एकदम सोडावे व प्रत्येक वेळी पूर्ण निचरा होऊ द्यावा; पाणी खाली उतरते तशी त्यामागोमाग हवा आत ओढली जाते. असे दोन वाफे करून आलटून पालटून विसावा दिल्यास वाळू लवकर चोंदत नाही.

या वाफ्यात पाण्यातील सेंद्रिय पदार्थही बरेचसे संपतात आणि नायट्रेटचा नत्रवायू करणाऱ्या पुढच्या जिवाणूंना त्यातून मिळणारा कर्ब कमी पडतो. तो मिळावा म्हणून गाळटाकीतील थोडे पाणी थेट कर्दळीच्या वाफ्यात सोडावे; जास्त सोडल्यास त्यातील अमोनिया तसाच बाहेर पडेल.

हा सगळा खर्च करण्यापूर्वी गोठा धुण्याआधी शेण खरडून काढावे आणि गोमूत्र वेगळ्या नालीने साठवावे, असे मी सुचवेन. जनावरे मोजकी व जवळ नेपियर गवत असेल, तर ते गोमूत्र पातळ करून गवताला बेताने द्यावे.

यापुढे अमोनियाबरोबर नायट्रेटही तपासावे आणि जवळच्या विहिरीचा नमुना द्यावा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.