दोन वर्षांची मुदत

प्रश्न : मी सांगलीत सरकारी नोकरीत आहे. मुलगी 19 वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. बारावीला 81 टक्के होते, कॉलेजात गेल्यावर 58 वर आली. दिवसरात्र कोरियन मालिका बघते. आता कॉलेज सोडून मुंबईला अभिनयासाठी जायचं म्हणते. युन यो-जंग नावाच्या कोरियन अभिनेत्रीने कॉलेज सोडलं आणि 73 व्या वर्षी ऑस्कर मिळवला, हे तिचं उत्तर. मी तिला दोन वर्षं दिली आहेत. तेवढ्यात मालिकेत नाव झालं नाही, तर परत यायचं आणि आम्ही दाखवू त्या स्थळाला होकार द्यायचा. तिची आईसुद्धा लग्नाआधी राज्य नाट्य स्पर्धेत काम करायची, बक्षिसंही होती. पण संसारासाठी तिने ते स्वतःहून सोडलं. मुलीला कसं समजवावं?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी 58 टक्क्यांवर अडखळलो नाही. अडखळलो ते 'स्थळाला होकार' या शब्दांवर. मुलगी नापास झाली तर लग्न, असा हिशेब तुम्ही मांडला आहे. लग्न ही दंडाची पावती कधीपासून झाली? आणि ज्या मुलाशी हे लग्न होईल, त्याला तुम्ही सांगणार आहात का, की तो पर्याय क्रमांक दोन आहे? ही अट आधी मागे घ्या. ती कायम ठेवून मुलीशी अभिनयाबद्दल काहीही बोललात, तरी तिला फक्त तारीख ऐकू येणार.

आता दोन वर्षांचं. मुलीने दिलेलं उदाहरण तुम्ही तपासून पाहिलेलं दिसत नाही. तिनेही अर्धंच वाचलं आहे. युन यो-जंग यांचा जन्म 1947 चा, केसाँगचा. ते गाव आज उत्तर कोरियात आहे. वाढल्या सोलमध्ये. 1966 मध्ये त्या टीबीसी या दूरचित्रवाहिनीत दाखल झाल्या. पहिला चित्रपट मिळाला 1971 मध्ये, दिग्दर्शक किम की-यंग यांचा 'वुमन ऑफ फायर'. मधली पाच वर्षं छोट्या पडद्यावरच्या कामात गेली. तुमच्या मुदतीत त्या 1968 मध्येच घरी परतल्या असत्या.

कॉलेज सोडू नये, याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे, आणि आपला गैरसमज कुठे झाला ते मुलीने नीट समजून घ्यावं. युन हानयांग विद्यापीठात कोरियन भाषा आणि साहित्य शिकत होत्या. ते शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलं, हे खरं. पण सोडून त्या कुठे गेल्या? कोरियात तेव्हा वाहिन्या स्वतः जाहीर परीक्षा घेऊन नट भरती करायच्या. तिला 'गोंगचे' म्हणतात. अर्जांचा ढीग यायचा, त्यातून मूठभर निवडले जायचे. निवड झालेल्यांना वाहिनीच प्रशिक्षण द्यायची, लहान भूमिकांपासून कामाला लावायची, बॅचचा क्रमांकही असायचा. त्यांना तिकडे 'टॅलेंट' म्हणत. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने बँकेची परीक्षा पास होऊन कॉलेज सोडावं, तसं हे होतं. ती भरती आता तिथेही जवळपास बंद झाली आहे. आजचे कोरियन नट बहुतेक विद्यापीठांच्या नाट्यविभागांतून किंवा एजन्सीमार्फत येतात. मुंबईत तर अशी भरती मुळात नव्हतीच. तुमची मुलगी कॉलेज सोडून ज्या रांगेत उभी राहणार, त्या रांगेच्या टोकाला खिडकी नाही. शिवाय दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते, आणि आधी केलेल्या नाटकांचा अनुभवही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिनय अभ्यासक्रमालाही पदवी लागते. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, पण पदविका म्हणजे पदवी नव्हे. आणखी दीड वर्ष काढलं तर हे दोन्ही दरवाजे उघडे राहतात. आज गेली तर दोन्ही तिने स्वतःच्या हाताने लावले.

औपचारिक शिक्षण न घेतल्याची सल स्वतः युन यांनाही होती. आपण नाट्यविभागातून आलो नाही या न्यूनगंडातून आपण संवाद पुन्हा पुन्हा घोकायला लागलो, असं त्यांनी ऑस्करनंतर पत्रकारांना मोकळेपणाने सांगितलं. मुलीने हेही वाचायला हवं होतं.

बाकीच्या वाटा थोडक्यात : पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स किंवा पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, आणि कॉलेजात असेपर्यंत एकांकिका स्पर्धा. तिने आजवर किती एकांकिका केल्या, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. शून्य असतील, तर मुंबईचा विषय आजच मिटतो. मालिका बघणं आणि रोज तीन तास तालमीत तेच वाक्य बाराव्यांदा म्हणणं, यात फार अंतर आहे. एका हंगामात तिचं तिलाच कळेल.

73 व्या वर्षाबद्दल. 'मिनारी' हा छोट्या खर्चाचा अमेरिकी चित्रपट. ओक्लाहोमातल्या टल्साजवळ 25 दिवसांत चित्रित झाला. त्यासाठी एप्रिल 2021 मध्ये युन यांना सहायक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. अभिनयाचा ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन. पण याला उशिरा आलेलं यश म्हणणं चुकीचं. पहिल्याच चित्रपटासाठी, 24 व्या वर्षी, त्यांना कोरियातला ब्लू ड्रॅगन आणि स्पेनमधल्या सिट्जेस महोत्सवातला अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता. उशीर लागला तो अमेरिकेला त्यांच्याकडे बघायला.

तुम्ही वाचायला हवं ते या पहिल्या पुरस्कारांच्या आणि ऑस्करच्या मध्ये आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, नाव गाजत असताना, त्यांनी लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेल्या. दोन मुलगे झाले. अभिनय जवळपास दहा वर्षं थांबला. फ्लोरिडात त्यांनी किराणा सुपरमार्केटच्या गल्ल्यावर काम केलं. ऐंशीच्या दशकात कोरियाला परतल्या, 1987 मध्ये घटस्फोट झाला. तेव्हाच्या कोरियात घटस्फोटित बाईने पडद्यावर दिसणं लोकांना रुचत नसे. दोन मुलांची जबाबदारी एकटीवर. मग मिळेल ती भूमिका घ्यायची, लहानमोठी न बघता. घरगुती मालिकांमध्ये आई, सासू, मावशी. चित्रपटात त्या ठळकपणे परतल्या 2003 मध्ये, तोवर घर मालिकांवर चाललं. नटाला पैशाची गरज असते तेव्हा तो सगळ्यात चांगला अभिनय करतो, असं त्या एका कार्यक्रमात म्हणाल्या होत्या. ऑस्कर घेतानाही त्यांनी आपल्याला कामाला लावणाऱ्या दोन मुलांचे आभार मानले.

म्हणजे ज्या लग्नाला तुम्ही सुरक्षित किनारा समजता, तिथून परत आल्यावर त्यांना हातातल्या कामानेच तारलं. मुलीसाठी यातला धडा वेगळा आहे : गल्ल्यावर उभं राहायची लाज वाटून चालणार नाही.

तिच्याकडे तर गल्ल्यापेक्षा बरं काहीतरी आहे. बी.कॉम. पूर्ण करावं, टॅली शिकावं, एखाद्या कर सल्लागाराकडे वर्षभर जीएसटी विवरणपत्रांचं काम करावं. दरमहा विवरण भरणाऱ्यांची गर्दी 11 आणि 20 तारखेच्या आधी उडते. बाकीचे दिवस बरेच सैल असतात आणि काम लॅपटॉपवर होतं. ऑडिशनला धावणाऱ्या माणसाला असं काम सोन्यासारखं. कारण मालिकेत दिवसावर पैसे ठरतात आणि ते साधारण 90 दिवसांनी हातात पडतात. आज काम मिळालं तरी तीन महिने भाडं खिशातूनच जातं. मुंबईला जायचं झालं तर किमान सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण बाजूला काढून जावं. तुमच्या 'दोन वर्षां'पेक्षा हा आकडा जास्त कामाचा, आणि तो तिने स्वतः कमवून साठवला तर उत्तमच. आणखी एक : भूमिका देण्यासाठी नोंदणी फी, कार्ड किंवा 'आमच्याकडूनच फोटो काढा' म्हणणारा माणूस भूमिका देत नसतो. पैसे मागितले की फोन ठेवायचा.

आता तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. 'संसारासाठी तिने ते स्वतःहून सोडलं.' हे वाक्य तुमचं आहे. तुमच्या पत्नीचं आहे का? पत्रात पत्नीचं मत कुठेच नाही. मुलीने अभिनय करावा की नाही, हे घरात ज्या एकाच व्यक्तीला अनुभवाने सांगता येईल, त्यांना तुम्ही विचारलेलंही दिसत नाही. आणि मला वाटतं, मुलीने कोरियाहून आणलेलं हे उदाहरण तिच्यापेक्षा तिच्या आईला जास्त लागू पडतं. मोठ्या खंडानंतर, चाळिशीच्या आसपास, मुलं पदरात असताना युन परत उभ्या राहिल्या. तुमच्या घरात बक्षिसं मिळवलेली एक नटी वीस वर्षं रिकामी बसली आहे.

राज्य नाट्य स्पर्धेची प्रवेशिका संस्थेच्या नावाने जाते, एकट्या माणसाच्या नाही. म्हणून स्पर्धा जाहीर होण्याची वाट न बघता आत्ताच एखाद्या हौशी संस्थेत जाऊन नाटक कोणतं ठरतंय ते विचारावं. सांगलीसारख्या गावात संस्था शोधायला लागणार नाही. मध्यमवयीन बायकांच्या भूमिकांना माणसं मिळत नाहीत, ही हौशी संस्थांची कायमची रड आहे. तालीम महिना-दीड महिना, रोज संध्याकाळी तीनेक तास. त्या वेळेत स्वयंपाक कोण करणार, हे तुम्हीच ठरवा, आणि 'मी' हे उत्तर असेल तर तालीम खरोखर होईल. मुलीला त्याच तालमीत प्रॉम्प्टिंगला बसवा. वही हातात, सगळ्यांचे संवाद डोळ्यांखाली, दीड महिना. त्यानंतरही तिला हेच करायचं असेल, तर पुढचं पत्र पाठवा.

फक्त ते तुम्ही लिहू नका. तिच्या आईला लिहू द्या. शेवटची भूमिका कोणत्या वर्षी केली आणि ती का सोडली, तेवढं त्यात असू द्या.