मुलीला एक्झिमा (इसब) आणि मला ओठावर हर्पीस. काय जपावं?

फोड पूर्ण वाळेपर्यंत लेकीचा पापा घेऊ नका, टॉवेल-पेला वेगळा ठेवा, तिला मलम लावण्याआधी हात साबणाने धुवा. एक्झिमात त्वचेचं कुंपण विरळ असतं, त्यामुळे हर्पीसचा विषाणू अंगभर पसरू शकतो. त्याला एक्झिमा हर्पेटिकम म्हणतात. एकसारखे, पाणी भरलेले फोड, मग छोटे गोल व्रण, खाजेपेक्षा दुखणं जास्त, सोबत ताप. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्याजवळ असेल तर रात्रसुद्धा काढू नका, नजरेला धोका असतो. अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लवकर सुरू झालं की चांगलं लागू पडतं. नेहमीचं स्टेरॉइड मलम अशा फोडांवर मनाने लावू नका. एरवी मात्र तेच मलम आणि मॉइश्चरायझर भीतीपोटी बंद करू नका. आटोक्यातल्या एक्झिमात हा धोका कमी असतो.