'पॉप्टी पिंग' खरा शब्द आहे का?

प्रश्न असा आहे: ब्रिटनच्या वेल्समधल्या वेल्श भाषेत मायक्रोवेव्हला 'पॉप्टी पिंग' म्हणतात म्हणे, मग आपणही असे सुटसुटीत शब्द का करू नयेत?

म्हणतात, पण थट्टेत. 'पिंग' हा पदार्थ गरम झाल्यावर यंत्र देते तो आवाज. कोशातला शब्द 'मेइक्रोडॉन', आणि स्वयंपाकघरात घाईच्या वेळी बरेच जण सरळ 'मायक्रोवेव्ह' म्हणून मोकळे होतात. 'पॉप्टी पिंग'वरून कोणी त्यांच्या भाषेलाच पोरखेळ ठरवले की वेल्श बोलणारे वैतागतात, आणि ते रास्तच आहे.

मला 'पिंग'पेक्षा 'पॉप्टी'च आवडतो. 'पोबी' म्हणजे पाव वगैरे भाजणे, 'टी' म्हणजे घर. भाजायचे घर ते पॉप्टी. घरातल्या ओव्हनलाही तोच शब्द.

'मेइक्रोडॉन'मधला 'डॉन' मुळात 'टॉन', म्हणजे लाट. समासात शिरताना 'ट'चा 'ड' झाला. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे शेपूट बदलते (घोडा, घोड्याला). वेल्शमध्ये तोंड बदलते. वेल्सचे वेल्श नाव 'कम्री', पण सीमेवरच्या स्वागताच्या पाटीवर 'क्रोइसो इ गम्री'. नवशिक्या कोशात 'ग'खाली शोधत बसतो!

आता आपण काय करावे? नवे शब्द तेही करतातच. सेल्फीला 'हिनलिन' आहे, 'स्व' आणि 'चित्र' जोडून. संगणकाचा शब्द मोजण्याच्या क्रियेवरून आला आहे. पण शब्द रोज कानावर पडायची सोय त्यांनी भांडून मिळवली. वेल्श टीव्ही वाहिनीचे आश्वासन ब्रिटिश सरकारने फिरवले तेव्हा, 1980 साली, ग्विन्वोर एव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाची घोषणा केली. सरकार नमले आणि 1982 मध्ये 'एस-फोर-सी' सुरू झाली. 2011च्या कायद्याने भाषेला वेल्समध्ये अधिकृत दर्जाही मिळाला. तरी 2021च्या जनगणनेत बोलणारे सुमारे 5 लाख 38 हजारच भरले, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. 2050 पर्यंत दहा लाखांचे सरकारी उद्दिष्ट आहे.

आणि गमतीदार शब्दच हवा असेल, तर ठिपक्यांच्या लाल लेडीबर्ड किड्याला वेल्शमध्ये 'आखूड लाल गाय' म्हणतात. हा मात्र अगदी कोशातला शब्द आहे.