बेसबॉल सिम्युलेशन गेममध्ये खेळाडूच्या कराराची किंमत कशावरून ठरावी: रेटिंगवरून की गेल्या सीझनच्या आकड्यांवरून?

दोन्हीवरून नको. किंमत ठरते ती बोली लावणाऱ्या संघांकडे किती पैसा शिल्लक आहे आणि त्या जागेसाठी आणखी कोण मोकळं आहे यावरून. गेमने तिथे हात घालू नये.

इतकं ठासून सांगतोय, कारण याच मुद्द्यावर मी एक ऑनलाइन लीग सोडली. तिथल्या कमिशनरने, म्हणजे लीग चालवणाऱ्याने, सूत्र बसवलं होतं: गेल्या सीझनचा वॉर, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा तो किती सामने जास्त जिंकून देतो हा आकडा, गुणिले ठरावीक रक्कम. तोच दरसालचा पगार. जो संघ सर्वांत जास्त वर्षं देईल, खेळाडू त्याचा. माझ्याकडे ३३ वर्षांचा फर्स्ट बेसमन होता, त्याने त्या साली होम रनचा, म्हणजे थेट कुंपणापार जाणाऱ्या फटक्यांचा, पाऊस पाडला. पण त्याचं पान नीट वाचलं तर वॉक (चार खराब चेंडू सोडून फुकट मिळणारा पहिला बेस) दरवर्षी घटत होते, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) वाढत होते आणि बरेचसे होम रन आमच्याच मैदानाच्या उजवीकडच्या जवळच्या कुंपणावरून गेले होते. सूत्राने त्याला लीगमधला सर्वांत महागडा खेळाडू ठरवलं. मी सोडला. ग्रुपवर माझी यथेच्छ टिंगल झाली. खुद्द कमिशनरने त्याला सात वर्षांसाठी घेतलं.

दोन सीझनमध्ये तो बाकावर बसला. मग कमिशनरने नवा नियम आणला: प्रत्येक संघाला एक ‘फसलेला’ करार रद्द करता येईल. मी विरोध केला तर म्हणाला, ‘अरे, गेम आहे, हिशेबाची शिकवणी नाही.’ मतदान झालं, नियम पास झाला आणि मी बाहेर पडलो. आजही माझं म्हणणं तेच आहे. करार फसू शकतो म्हणूनच तो करताना विचार करावा लागतो, आणि जनरल मॅनेजर, म्हणजे संघ बांधणारा, होण्याची सगळी मजा त्या विचारात आहे.

खऱ्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, काय झालं बघा. ख्रिस डेव्हिसने २०१५ मध्ये ४७ होम रन मारले, तिथल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीग मिळून सर्वांत जास्त. त्याच्या बाल्टिमोर ओरिओल्स संघाने लगेच त्याला सात वर्षांचे १६.१ कोटी डॉलर दिले. २०१८ मध्ये त्याची सरासरी .१६८ होती, म्हणजे फलंदाजीच्या शंभर संधींत जेमतेम १७ हिट, आणि त्या सीझनच्या शेवटापासून पुढच्या वर्षीच्या सुरुवातीपर्यंत तर सलग ५४ ॲट-बॅटमध्ये (अशा संधींत) एकही हिट नाही. पैसे मात्र ओरिओल्सच्या गळ्यात राहिलेच.

तर सूत्र हवंच असेल तर ते खेळाडूच्या मागणीपुरतं ठेवा. तीन सीझनची कामगिरी घ्या, ताज्या सीझनला जास्त वजन द्या, तिशीनंतर दरवर्षी काही कापा. पिचरना (चेंडू फेकणाऱ्यांना) वर्षं कमी द्या, कारण कोपर कधी दगा देईल सांगता येत नाही. पुढचं बाजारावर सोडा. एकाच हिवाळ्यात तीन चांगले शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधले क्षेत्ररक्षक) मोकळे झाले तर तिघांचेही भाव पडले पाहिजेत.

सेवेची, म्हणजे मेजर लीगमध्ये काढलेली, वर्षं विसरू नका, बरेच गेम इथेच घसरतात. पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर), मग लवाद, आणि सहा वर्षं भरली की फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा. लवादात संघ एक आकडा देतो, खेळाडू दुसरा, आणि पंचांना दोहोंपैकी एकच उचलावा लागतो, मधला काढता येत नाही. ही पद्धत गेममध्ये फार रंगते. अटलांटा ब्रेव्ह्ज संघाच्या रोनाल्ड आकुन्याने २०१९ मध्ये २१ व्या वर्षी आठ वर्षांचे १० कोटी डॉलर घेतले आणि २०२३ मध्ये नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, झाला. ब्रेव्ह्जना तो इतका स्वस्त पडला, कारण तेव्हा फ्री एजन्सी लांब होती आणि हातात येणारा पैसा पक्का होता. नुसत्या रेटिंगवर चालणाऱ्या गेममध्ये असा करार होणारच नाही.

हे सगळं माणसं संघ चालवत असतील तेव्हाचं. चार-पाच जणांच्या लीगमध्ये बोलीला चुरस येत नाही, तिथे सूत्राने किमान भाव बांधून द्यावा लागेल. कॉम्प्युटरचे संघ भोळे असतील तरी तेच.

करार रद्द करायची सोय मात्र लीग कितीही लहान असो, देऊ नका. खेळाडू खुशाल सोडा, पण त्याचा उरलेला पगार करार संपेपर्यंत तुमच्याच बजेटमधून गेला पाहिजे. कमिशनरचा संघ असला तरी.