कुरळ्या केसांसाठी घरी केलेलं जवसाचं जेल लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचा) कंडिशनर म्हणून चालतं का? वाळल्यावर पांढरा भुगा पडतो तो जवसामुळेच ना?

नाही. भुगा जवसामुळे पडत नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या घरात हा वाद कित्येक वर्षं चालू आहे आणि तुमचा प्रश्न वाचून परत डोकं तापलं.

झालं असं की मे 2016 ला दादाचं लग्न होतं, लातूरला. लातूरकरांना 2016 सांगायला नको, बाकीच्यांसाठी, मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं ते वर्ष. तारीख आधीच धरलेली, मुलीकडचे पुढं ढकलायला तयार नाहीत, मग टँकर सांगून लग्न उरकलं. घरात पंचवीस-तीस पाहुणे, आंघोळीला माणशी अर्धी बादली, आणि बादल्यांचा हिशोब ताईकडे. ताईचे केस सरळ, फणी वरून घातली की खाली सुळकन बाहेर. माझे आजीवर गेलेले, नुसत्या स्प्रिंगा. शाळेत साईबाबा, कॉलेजात मॅगी, सगळं ऐकून झालंय. लहानपणी तेल चोपडून दोन घट्ट वेण्या, त्या घालायची ताईच, कोरड्या केसांत बारीक दातांची फणी खुपसून. म्हणजे भांडण तसं तेव्हापासूनचं आहे म्हणा.

तर त्या लग्नात मी ठरवलं होतं, केस मोकळे सोडायचे, स्ट्रेटनिंग नाही, अंबाडा नाही. युट्यूबवर जेल बघितलं होतं आणि आमच्याकडे चटणीसाठी जवस घरात असतोच. पाव कप जवस, दोन कप पाणी, मध्यम आचेवर ढवळत राहायचं, आठ-दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं होतं आणि चमच्यावरून तार सुटते. तिथंच गॅस बंद. अजून जरा घट्ट होऊ दे म्हणून थांबलात तर गेलात, गार झाल्यावर ते आपोआप घट्ट होतं आणि मग बापजन्मात गाळलं जात नाही. गरम असतानाच गाळा, चहाच्या गाळणीने नाही, जुन्या ओढणीने किंवा पातळ मोज्याने. आई म्हणाली, "खळ करायलीस का काय?" पण जेल एक नंबर झालं होतं, आजही तसंच करते.

माती खाल्ली ती पुढे. लग्नाच्या सकाळी केस धुतले, कंडिशनर लावला, आणि तो काढायला अजून दोन तांबे पाणी मागितलं तर ताई दाराबाहेरून, "बास झालं, पूस आणि बाहेर ये, मागं सहा जण राहिलेत." मग काय, कंडिशनर तसाच डोक्यात, वरून जेल थापलं आणि पळाले. अक्षता पडेपर्यंत बरं होतं. नंतर वाळलेल्या बटा कडक लागायला लागल्या म्हणून चुरगाळल्या, तर मरून ब्लाऊजवर पांढरंच पांढरं. लोकांना वाटलं कोंडा. लग्नाच्या व्हिडिओत ताई माझे खांदे झटकतेय असा चांगला मिनिटभराचा भाग आहे आणि झटकता झटकता ती मामीला सांगतेय, जवस लावलाय हिनं डोक्याला. तो व्हिडिओ दर दिवाळीला लागतो.

2019 ला पुण्यात नळाला पाणी आणि हाताशी रिकामा रविवार असताना मी प्रयोगच केला. मधोमध भांग, डावीकडे कंडिशनर पूर्ण धुऊन फक्त जेल, उजवीकडे कंडिशनर अर्धवट ठेवून त्यावर तेच जेल. डावी बाजू स्वच्छ, उजवीकडे भुगा. जवस तोच, पातेलं तेच, डोकंही तेच. कारण साधं आहे, कंडिशनरमधले घटक धन भाराचे असतात म्हणून तर ते केसांना धरून बसतात, आणि जवसाच्या चिकात ऋण भाराचा अंश असतो, दोघांची गाठ पडली की काही वेळा दूध फाटतं तसं फाटतं. ते फाटलेलं वाळलं की भुगा. तुम्ही जी क्रीम लावता तिचा थेंब आणि जेलचा थेंब तळहातावर चोळून बघा, गुठळ्या झाल्या तर ती जोडी डोक्यावर नको. ब्रँड बदलला की परत बघा.

आता तुमचा पहिला प्रश्न. जवसाचं जेल कंडिशनर नाहीच, कोणी काही म्हणो. त्याने गुंता सुटत नाही, केस मऊ पडत नाहीत. ते केसावर पातळ पापुद्र्यासारखं वाळतं आणि बटेला धरून ठेवतं, एवढंच त्याचं काम. गुंता धुतानाच, कंडिशनर डोक्यात असताना, बोटांनी सोडवायचा, मग तो नीट धुवायचा (नीट!), आणि केस निथळत असताना जेल. टॉवेलने खसाखसा पुसू नका, आजीचा सुती पंचा त्यापेक्षा शंभरपट बरा.

बाकी मी भेंडी उकळून पाहिली, काम करते पण दिवसभर भाजीचा वास. जास्वंदीची पानं कुस्करून लावणं धुण्याआधी छान, नंतर ठेवायला नाही, हिरवे कण निघता निघत नाहीत. ताजी कोरफड घालणार असाल तर पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक पूर्ण गळू द्या, नाहीतर मान खाजते. खोबरेल तेल जेलमध्ये घालून काही मिळत नाही, वर तरंगतं. ग्लिसरीन दोन थेंबच, मुंबईच्या पावसाळ्यात तेवढ्यानेही केस पिंजारतात, हवेतलं पाणी ओढतं ते. आणि कोरड्या उन्हाळ्यात उलटं, केस अजूनच कोरडे.

टिकतं किती तर फ्रीजमध्ये आठवडा. व्हिटॅमिन ईची गोळी फोडून घातली की महिनाभर टिकतं असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, त्याने तेल खवट व्हायला उशीर लागतो, पाण्यातल्या बुरशीला ते अडवत नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागेल तशी वडी काढा. वास बदलला की फेकून द्या, "घरचंच आहे" म्हणून डोक्याला फासू नका.

राहिलंच, आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा, जवसाची ॲलर्जी असणारी माणसं असतात. टाळूला लावू नका. आणि खरं सांगायचं तर जेल फार जास्त झालं तरी थोडा भुगा पडतो, हे मी ताईला सांगितलेलं नाही.

डावी-उजवी बाजू दिसणारा फोटो तिला पाठवला होता मी. तिचं उत्तर आलं, "तेव्हाचा जवस जुना होता." तो जवस तिनेच आणला होता, लातूरच्या गंजगोलाई बाजारातून.

लग्नकार्यासाठी विचारत असाल तर गडद ब्लाऊज घालून आठवडाभर आधी एकदा ट्रायल घ्या.