प्रश्न विचारला की "तू कोणाच्या पार्टीचा?"

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही आठ-दहा पोरं गावात काहीतरी नवीन करायचं म्हणतोय, पाण्याचं काम, वाचनालय, बरंच काही डोक्यात आहे. पण ग्रामसभेत कोणी काही विचारलं की लगेच "तू कोणाच्या पार्टीचा" सुरू होतं आणि मग सगळे गप्प. लोकांमधलं कुतूहलच संपलंय का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर : नाही हो, संपलेलं नाहीये. पारावर बसा थोडा वेळ, लोक किती काय काय विचारत असतात! फक्त जिथं निर्णय व्हायचा असतो तिथं प्रश्न विचारला की तो विरोध वाटतो. म्हणून विचारायची जागा वेगळी करा.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) माहितीये ना, छोटं गोंड आदिवासी गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ असते, पण त्यामागचा अभ्यास गट फारसा कोणाला माहीत नसतो आणि मला तर त्या गटाचीच खरी कमाल वाटते. गावातलेच देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. या गटात कोणीही यावं, बाहेरचा माणूससुद्धा चालतो, एखादा विषय घ्यायचा आणि खोदून खोदून विचारायचं, पण ठरवायचं काहीच नाही. ठरवणार फक्त ग्रामसभा, तेही सर्वसहमतीनं. त्यामुळे गटात कोणी हरत नाही की जिंकत नाही, मग माणूस मोकळेपणानं विचारतो.

मधमाश्या न मारता मध काढता येईल का, हा असाच अभ्यासाचा एक विषय. आणि बांबूचं तर बघाच. वनखातं १९२७ च्या कायद्याच्या आधारानं बांबूला झाड धरायचं, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात तोच बांबू गौण वनोपजात (मध, डिंक, तेंदूपानं यांच्यासारख्या जंगलातल्या वस्तूंत), म्हणजे गावाच्या हक्काचा. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना काही मिळेना. पण लोकांनी कायदा स्वतः समजून घेतला होता, ते हटले नाहीत, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

तुमच्याकडे पाण्यापासूनच सुरू करा. कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटते आणि शेजारची का टिकते, एवढा एकच प्रश्न घ्या. दर महिन्याला दोर सोडून पाणी मोजा, वहीत लिहा, विहिरी खोदलेल्या म्हाताऱ्यांना आणि रोज पाणी भरणाऱ्या बायकांना आधी विचारा, त्यांना जे माहितीये ते कुठल्याच कागदावर नसतं. बैठक शाळेत किंवा देवळात घ्या, कुठल्या पुढाऱ्याच्या ओट्यावर नको. सरपंचांनाही बोलवा, दोन्ही पार्ट्यांच्या लोकांना बोलवा आणि पहिल्याच दिवशी सांगून टाका की इथं ठराव होणार नाही. वर्षभराची वही झाली की ती ग्रामसभेत ठेवा. वाचनालयाचं नंतर बघू, आधी हे करा आणि मला नक्की कळवा.