ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला शॉकअप कोणते घ्यावेत? जाड घेतले तर मागची बाजू बसायची थांबेल का?

तुमचे मागचे शॉकअप संपलेत, दोन टनांचा ट्रेलर ओढायचा असतो आणि मोनोट्यूब (एकाच नळीचे) घ्यावेत की ट्विन-ट्यूब (नळीच्या आत नळी असलेले) हे ठरत नाहीये. त्यावर खाली लिहितो. आधी बसण्याचं, कारण त्यापायी माझी गाडी मोडली आहे. नाही थांबणार. वजन पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, पेलतात. शॉकअप फक्त पाट्यांची उसळी जिरवतो. त्याचा दांडा आत-बाहेर हलला तरच तेल झडपांतून जातं आणि रोध होतो. उभ्या गाडीत तो जवळजवळ काहीच उचलत नाही.

सहा वर्षांपूर्वी दाजींना हेच सांगत होतो. ट्रेलर जोडला की माझ्या पिकअपचं बूड खाली जायचं आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायचे. दाजी म्हणाले, हवेचे शॉकअप बसव, हवा भरली की गाडी सरळ. ते मोठे, गाड्यांत आयुष्य गेलेलं, म्हणून ऐकलं. गाडी खरंच सरळ झाली, आणि ताईसमोर मला चार शब्द ऐकावेही लागले. चौथ्या फेरीत एका खड्ड्यात मागून धाडकन आवाज आला. डाव्या शॉकअपचा वरचा ब्रॅकेट फाटला होता. बूड एका अंगाला बसलं आणि ट्रेलर डोलायला लागला. ताई शेजारी बसलेली. ब्रेकवर पाय न देता, नुसता ॲक्सिलरेटर सोडून आणि स्टिअरिंग सरळ धरून गाडी थांबवली. तो ब्रॅकेट धक्के सोसायला असतो. मी त्याच्यावर पाट्यांचं काम टाकलं होतं.

मग हूकवरचं वजन, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक गाडीच्या हूकवर जेवढा भार टाकतं तो, मोजलं. 2000 किलोच्या ट्रेलरला ते 200 ते 300 किलो हवं, म्हणजे 10 ते 15 टक्के. माझं 420 भरलं, कारण ट्रेलरवरचं यंत्र पुढच्या टोकाला बांधत होतो. यंत्र मागे सरकवलं, पाट्यांना एक पान वाढवलं, शॉकअप साधे, मूळ मापाचे लावले. बूड तेव्हापासून बसलेलं नाही. पण फार मागे सरकवू नका. हूकवरचं वजन 10 टक्क्यांखाली गेलं की ट्रेलर शेपटी मारतो, आणि ते कुठल्याही शॉकअपने थांबत नाही.

आता मोनोट्यूब. घाटात, खराब रस्त्यावर तासन्‌तास ओढायचं असेल तर तेच घ्या. तेल आणि नायट्रोजनच्या मध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे तेलाला फेस येत नाही, आणि नळी एकच असल्याने उष्णता थेट बाहेर जाते. ही नवी टूम नाही, बिलस्टाइन या जर्मन कंपनीने 1957 मध्येच मर्सिडीझसाठी ते बनवले. मात्र त्या नळीला दगडाने पोचा पडला की आतला पिस्टन अडकतो. कच्च्या वाटेवर जास्त फिरणं असेल तर ट्विन-ट्यूब बरा. ‘हेवी-ड्युटी’ या शब्दावर भुलू नका, रिकाम्या गाडीत ते दणके देतात. पूर्ण दबलेली आणि पूर्ण ताणलेली लांबी जुन्याशी जुळवा, दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, आणि बुशचे (शॉकअपच्या टोकांना असलेल्या रबरी कड्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

एक सांगायचं राहिलं. पान वाढवलं म्हणून गाडीची ओढण्याची मर्यादा वाढत नाही. आणि काही गाड्यांना हवेचे शॉकअप कारखान्यातूनच येतात, त्यांचे ब्रॅकेट त्यासाठीच बनवलेले असतात, ते काढू नका. दाजी नेमकं हेच उदाहरण देतात आणि म्हणतात, तुझं वेल्डिंगच कच्चं होतं. तो फाटलेला तुकडा मी जपून ठेवलाय. वेल्डिंगची रेघ अखंड आहे, पत्रा तिच्या शेजारून फाटलाय. दाजींनी तो अजून एकदाही हातात घेऊन पाहिलेला नाही.